‘पोस्ट मिळाली की तिला शिकवीन’

पत्राचा सारांश: बीड जिल्ह्यातला तेवीस वर्षांचा एक तरुण दोन वर्षांपासून पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. गावी आजी, चौदा वर्षांची बहीण आणि तिसरीतला धाकटा भाऊ. गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीसाठी सात किलोमीटरवरच्या गावी जावं लागतं. बहीण आठवी पास झाली आणि जूनमध्ये तिचं नाव पुढे कुणी घातलंच नाही. तो लिहितो: “राखीला घरी गेलो तेव्हा मला कळलं. अण्णा म्हणाले, वयात आलेली पोर रस्त्यानं एकटी कशी धाडावी? आम्ही कारखान्यावर गेल्यावर मागं कुणाच्या भरवशावर ठेवावं? आजीला दिसत नाही. यंदा ती आमच्यासोबत येईल, लहान्याला कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) सांभाळील. बहिणीला विचारलं तर म्हणते, दादा, मला नाही आवडत शाळा, तू शीक. मला घरून महिन्याला पाच हजार येतात. मेसमध्ये जेवताना घास उतरत नाही. तयारी सोडून गावी जाऊ का? की पोस्ट मिळाली की तिला शिकवीन, तोवर थांबू? अण्णांसमोर बोलायची माझी हिंमत होत नाही.” शेवटी एक ओळ आहे: पाहुण्यांत तिच्या लग्नाचा विषय निघाला आहे.

तुला ‘तू’ म्हणते आहे. मी ज्या मुलांना अगदी शेवटी शिकवलं ती आज तुझ्याच वयाची असतील. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली. दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा होतो, तो मी वर्षानुवर्षं पाहिला आहे. म्हणून तुझं पत्र वाचताना मला तुमच्या घराचा ओटासुद्धा दिसत होता.

तू मला दोन वाटा दाखवल्यास आणि त्यातली एक निवडायला सांगितलंस. तयारी सोडायची, नाहीतर पोस्ट मिळेपर्यंत थांबायचं. या दोन्ही वाटांवर मध्यभागी तूच उभा आहेस. तुझा त्याग, नाहीतर तुझं यश. बहीण दोन्हीकडे काठावर उभी राहून वाट बघते आहे. हे तुझ्या मनात वाईट आहे म्हणून झालेलं नाही. आपल्या घरांत मुलग्यांना लहानपणापासून असाच विचार करायला शिकवलं जातं. पण तो आधी बाजूला ठेवू.

थांबण्याबद्दल पहिल्यांदा बोलते, कारण ती वाट सगळ्यांत सोपी वाटते. पोस्ट कधी मिळेल? तू अभ्यासिकेत बसतोस, तुझ्या शेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना विचार. जागा शेकड्यांत निघतात आणि अर्ज लाखांत येतात. अजून दोन वर्षं लागली तर ती सोळाची होईल, चार लागली तर अठराची. तू पोस्ट घेऊन गावी येशील तेव्हा ती नववीच्या बाकावर बसायला घरात असेल का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांपैकी साधारण बावीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. तुझ्या बीड जिल्ह्यात हा आकडा चाळिशीच्या वर होता. पाहुण्यांत विषय निघाला, असं तू पत्राच्या तळाशी एका ओळीत लिहिलंस. माझ्या मते ती ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती.

आता तयारी सोडण्याबद्दल. तू गावी आलास आणि तुझे पाच हजार वाचले, तर त्यातून तिची शाळा सुरू होईल का? हिशेब करून बघ. आपल्या राज्यात सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षणाची फी नाही, ही सवलत कित्येक वर्षांपासून आहे. एसटीचा पास तिला अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट मिळतो. उरतात गणवेश, वह्या, कंपासपेटी आणि नववीची पुस्तकं. पुस्तकं तर गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलीकडून मिळतील. म्हणजे तिची शाळा पैशांवाचून अडलेली नाही. अण्णांनीही पैशांचं नाव काढलेलं नाही, तुझंच पत्र पुन्हा वाच. तू परत आलास तर घरात दोन मुलं शाळेबाहेर होतील एवढंच. शिवाय तुझं शिक्षण तिच्यामुळे सुटलं, हे ओझं तिच्या डोक्यावर जन्मभर राहील.

तुझ्या मनातली टोचणी मात्र खोटी नाही. तुला घास उतरत नाही, कारण घरातली शिक्षणाची सगळी उचल, म्हणजे आगाऊ घेतलेला पैसा, एकट्या तुझ्या नावावर लागला आहे, हे तुला समजतं.  तिथे बसूनच ती थोडी कमी कर. रोज तीन तास शिकवणी घे, एखाद्या दुकानाचे हिशेब लिही, आणि घरी सांग की पुढच्या महिन्यापासून पाचच्या ऐवजी तीन हजार पाठवा. अण्णांशी बोलायला बसशील तेव्हा ‘मी माझ्या वाटणीचं कमी केलं’ हे वाक्य तुझ्याकडे असेल. त्यानं बोलण्याला वजन येतं. आणि किती अटेम्प्ट देणार, तेही आजच ठरवून घरी सांगून टाक.

‘मला नाही आवडत शाळा, तू शीक.’ हे ऐकून तू गप्प बसलास. मी बसले नसते, कारण हेच वाक्य मी फार मुलींच्या तोंडून ऐकलं आहे. निर्णय झाल्याचं मुलीला घरात सगळ्यांच्या आधी कळतं. आईच्या बोलण्यावरून कळतं, जूनमध्ये नवी वही आली नाही यावरून कळतं. मग ती तो निर्णय आपलाच असल्यासारखा सांगते. मागून नाकारलं जाण्यापेक्षा आपणच नाही म्हटलं तर कमी दुखेल असं तिला वाटतं.

यापलीकडे आणखी एक शक्यता आहे, ती मास्तरकी केलेल्या माणसाला लगेच दिसते. तुझी बहीण याआधी आईवडलांसोबत किती हंगाम गेली? दसऱ्यानंतर टोळ्या हलतात, मार्च-एप्रिलात परत येतात. तेवढ्या काळात वर्गात अपूर्णांक होऊन जातात, बीजगणित सुरू होतं, इंग्रजीचे निम्मे धडे संपतात. आठवीपर्यंत बहुतेक मुलं पुढे सरकत राहतात, पण मधली भोकं तशीच राहतात. नववीला आपली फजिती होणार हे अशा मुलींना ठाऊक असतं. ‘आवडत नाही’चा अर्थ पुष्कळदा ‘येत नाही आणि विचारायची लाज वाटते’ असा असतो. तिसरं कारण त्याहून साधं असू शकतं. नववीच्या शाळेत मुलींच्या संडासाला कडी आहे का? पाणी आहे का? रस्त्यात कुणी मुलं त्रास देतात का? पाळीच्या दिवसांत काय करायचं? हे ती दादाला सांगणार नाही. आईला सांगेल, नाहीतर तिच्या जुन्या बाईंना.

म्हणून तिला ‘शिकायचंय का?’ असं विचारू नकोस. गणित कुठवर आलं होतं ते विचार. कुठल्या बाई आवडायच्या, वर्गातल्या कोण कोण नववीला गेल्या ते विचार. गेलेल्या मैत्रिणींबद्दल बोलताना तिचा आवाज कसा होतो ते ऐक. तिला खरंच नको असेल तर तेही त्यात कळेल, आणि मग आपण वेगळं बोलू. पण चौदा वर्षांच्या मुलीनं एकदा नाही म्हटलं म्हणून तिचा पुढचा सगळा जन्म ठरला, असं मी मानणार नाही. तू दहावीला गणितात नापास झाला असतास तर घरानं तुला दुसरी संधी दिली असती ना?

आता अण्णा. तुझ्या पत्रात त्यांच्यावर राग आहे. तो मला समजतो, पण पटत नाही. या माणसानं उचल अंगावर घेऊन तुला पुण्यात ठेवलं आहे. शिक्षणाची किंमत त्यांना कळत नाही असं नाही. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: रस्ता, मागे कोण, आणि आजीची नजर. चौथी त्यांनी अडचण म्हणून सांगितली नाही, ओघात बोलून गेले, ती म्हणजे लहान्याला कोण सांभाळणार. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. ‘मुलींनाही हक्क असतो’ असं भाषण केलंस तर ते ऐकून घेतील आणि उठून जातील. एकेक अडचण सोडवून समोर ठेवलीस तर त्यांना बसून बोलावं लागेल.

रस्त्यापासून सुरू कर. बिहारमध्ये २००६ साली सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. पुढे अभ्यासकांनी मोजलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ एक तृतीयांशानं वाढली होती. सगळ्यांत जास्त फरक कुठे पडला? ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे. तिथले बाप रातोरात बदलले नव्हते. अंतर कमी झालं होतं, आणि पोरी घोळक्यानं जाऊ लागल्या होत्या. तुमच्या गावातून आठवी झालेल्या आणखी किती मुली घरी आहेत? चार जरी असल्या तरी रस्त्याचा प्रश्न निम्मा सुटतो. त्यांच्या आयांशी तुझ्या आईनं बोलावं, बचत गटाच्या बैठकीत हे सहज होतं. मग नववीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून मुलींची यादी आणि पत्र घेऊन आगारात जा आणि शाळेच्या वेळेला गाडी मागा. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत खास मुलींसाठी एसटीच्या बसगाड्या धावतात आणि सायकलीही मिळतात. तुमचा तालुका त्यात येतो का, हे मुख्याध्यापक सांगतील. पाससाठी शाळेचं बोनाफाईड प्रमाणपत्र लागतं, बाकी फार कटकट नाही.

मागे कोण, हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे एक समज सगळ्या घरांत पक्का बसलेला असतो. पोर सोबत असली की सुरक्षित, असा तो समज. कोपी कशी असते हे तुला माहीत आहे. दार नाही, कडी नाही, संडास नाही. पहाटे आईवडील फडात जातात, गाडी भरायला कधी रात्री जावं लागतं. तेव्हा चौदा वर्षांची पोर धाकट्या भावाला घेऊन परक्या रानात एकटीच असते. गावी तिच्याभोवती निदान ओळखीची चाळीस घरं आहेत, अंगणवाडीताई आहेत, चुलत्याचं दार आहे. ही तुलना अण्णांनी कधी केली नसेल. आईनं मात्र केली असणार, कारण त्या रात्रींची धास्ती बहुतेक तिच्याच वाट्याला आली असेल. म्हणून आधी आईशी बोल, एकटीशी.

आजीला दिसत नाही, म्हणजे काय झालं आहे? तिच्या वयाला बहुतेकदा मोतीबिंदू असतो आणि सरकारी रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया फुकट होते. टोळी हलायच्या आत ती झाली तर आजीला पुन्हा दिसेल आणि नातीला मागे ठेवायला घरात एक भक्कम माणूस मिळेल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलीच्या शाळेची अडचण शाळेत शोधत बसण्यापेक्षा ती कधीकधी आजीच्या डोळ्यांत सापडते.

लहान्याचंही तसंच. ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची योजना जिल्हा परिषदेकडे आहे. मुलं आपल्या शाळेत राहतात आणि जेवणाची सोय होते. तिसरीतल्या भावाचं नाव त्यात लागलं तर बहिणीला कोपीवर नेण्याचं कारणच उरत नाही. शाळेच्या गुरुजींना आत्ताच सांगून ठेवा, कारण याद्या हंगामाच्या तोंडावर होतात. हे मी अगदी आग्रहानं सांगते. लहान भावंडाला सांभाळायला म्हणून शाळेतून काढलेल्या मुली मी मोजायच्या सोडून दिल्या होत्या. माझी थोरली बहीण त्यातलीच. ती माझ्यासाठी घरी राहिली, मी शिक्षिका झाले. तिला सही करायला मी शिकवलं तेव्हा ती चाळीस वर्षांची होती.

आजीजवळ ठेवणं काही केल्या जमणार नसेल तर वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहांची. मागासवर्गीय मुलींसाठी समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं तालुक्याच्या ठिकाणी असतात. शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत. ती आधी आठवीपर्यंत होती, आता काही ठिकाणी पुढचे वर्गही आहेत. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला समाजकल्याणचं कार्यालय, या दोन ठिकाणी समक्ष जा. नुसत्या फोनवर भागवू नकोस. स्पर्धा परीक्षेसाठी तू योजनांची नावं पाठ करतोस, त्यातली एक आता आपल्या घरासाठी वापर. आणि वसतिगृह आईला स्वतः बघू दे. खोल्या, पाणी, राहणाऱ्या बाई. तिनं पाहिल्याशिवाय घर हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

कायद्याचा धाक घालावा का, असं तुला वाटेल. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपर्यंतच आहे. तुझी बहीण नेमकी त्याच्या उंबरठ्यावरून बाहेर पडली आहे. देशभरात लाखो मुलींची शाळा इथेच सुटते. गावातली शाळा आठवीला संपते, कायदाही तिथेच संपतो, आणि मुलगी त्याच वर्षी ‘वयात येते’. म्हणून नववीचं हे एक वर्ष हातचं जाऊ द्यायचं नाही.

लग्नाबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे. मुलीचं वय अठरा हवं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असं लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. बोलणी पक्की व्हायला लागली तर १०९८ वर फोन कर. नाव गुप्त राहतं. ती वेळ येऊ नये म्हणून आधीच अण्णांना सांग की अठराच्या आत बहिणीच्या लग्नाला मी उभा राहणार नाही. घरातल्या थोरल्या मुलाच्या या एका वाक्याला पाहुण्यांत फार किंमत असते. पोरीला शाळेत ठेवण्याचा आणि लग्न पुढे ढकलण्याचा संबंध इतरांनीही ओळखला आहे. बांगलादेशानं १९९४ पासून गावोगावच्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन दिलं, तेव्हा हजेरी आणि गुणांच्या जोडीला मुलीचं लग्न झालेलं नसावं, अशी अटच घातली. बापाला ‘नाही’ म्हणायला एक कारण मिळालं. अण्णांनाही तसं कारण हवं असेल. पाहुण्यांना ‘पोर शाळेत आहे, दहावी होऊ द्या’ असं सांगणं ‘आम्हाला नको’ म्हणण्यापेक्षा सोपं जातं.

पुढे शिकवायला लाखो लागतील, अशी भीतीही त्यांच्या मनात असेल. त्यांना सांग की २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ओबीसी, आर्थिक मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींसाठी तो निर्णय झाला. पण नववीच झाली नाही तर त्याचा काही उपयोग नाही.

कुणी तुला १७ नंबरचा फॉर्म सुचवील, बाहेरून दहावी द्यायचा. ती सोय चांगली आहे, पण मी तिला शेवटी ठेवते. घरी राहून अभ्यास करायला मुलीला घर सवड देत नाही. भाकरी, पाणी, भांडी, गुरं. शाळेत जाते म्हणून निदान सहा तास तिचे असतात.

ज्या घरांत कोयता नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. हे पत्र वाचून ‘बिचारे’ म्हणू नका. मुलगा इंग्रजी माध्यमात आणि मुलगी जिल्हा परिषदेत, मुलाला कोटा शहरातले क्लास आणि मुलीला ‘बी.ए. करून घे, लग्नाला बरं’, हा हिशेब पक्क्या घरांतही मांडला जातो. तो तुमच्या घरी मांडला गेला असेल, तर दोन्ही मुलांवर झालेला खर्च एका कागदावर लिहून बघा.

तुझ्याकडे वेळ थोडा आहे. दसऱ्याच्या आत हे सगळं व्हायला हवं. अण्णांशी एकटा बोलू नकोस. आठवीच्या गुरुजींना आणि मामाला सोबत ने, संध्याकाळी जेवणानंतर बस, पहिलं वाक्य आईला बोलू दे. ते चिडले तर वाद वाढवू नकोस, चार दिवसांनी पुन्हा बस. पहिल्या बैठकीत होकार येईलच असं नाही. मी एकेका घरी पाच-पाच वेळा गेले आहे.

पण त्याआधीचं काम या आठवड्यातलं आहे, आणि त्यासाठी अण्णांच्या परवानगीची वाट बघायला नको. तिचा आठवीचा शाळा सोडल्याचा दाखला काढला आहे का ते विचार. नसेल तर आईला आणि तिला दोघींना शाळेत पाठव. जून उलटला म्हणून नववीचे मुख्याध्यापक लगेच नाही म्हणत नाहीत. दाखला आणि गुणपत्रक हातात असलं तर मधूनही नाव घालून घेतात. दाखल्याच्या अर्जावर पालक म्हणून आईची सही चालते.